समुद्राची राखण कोण करतो?

नववीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'भारताची सुरक्षा व्यवस्था' हा धडा आहे. भूदल, नौदल, वायुदल, तटरक्षक दल, सीमा सुरक्षा दल, गृहरक्षक दल ही नावे मुले पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात. हा धडा शिकवताना एक अडचण नेहमी जाणवते. यादी वाचून मुलांना वाटते, की ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून अशीच उभी असणार. प्रत्यक्षात तिच्यातले बहुतेक मोठे बदल एखाद्या आघातानंतर झाले आहेत. धोका नव्या वाटेने येतो, घाव घालून जातो, आणि त्यानंतर कायदा, दल, बोट, रडार, ओळखपत्र अशी एकेक गोष्ट येते.

हे समजून घ्यायला लडाख किंवा काश्मीरपर्यंत जायची गरज नाही. आपला कोकण किनारा पुरेसा आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सुमारे ७२० किलोमीटरच्या या पट्ट्यावर आपली माणसे राहतात. मिरकरवाडा, हर्णै, दाभोळ, जयगड, श्रीवर्धन, मुरूड इथल्या मोहल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, तांडेल आणि सारंग निघाले. दालदी समाजाचे तर पोटच समुद्रावर चालते. आपल्या नाशिकच्या कोकणीपुऱ्याचे नावसुद्धा या नात्याची आठवण देते. म्हणून किनाऱ्याच्या सुरक्षेचे धोरण हा आपल्यासाठी घरचा विषय आहे.

जुनीच राखण

किनाऱ्याला परदेशी धोका नवा नाही. सतराव्या शतकात पोर्तुगीज, इंग्रज आणि सिद्दी अशा तीन आरमारांच्या मधोमध छत्रपती शिवाजी महाराजांनी आपले आरमार उभे केले. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायचे काम सुरू झाले, तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने ते अडवायचा प्रयत्न केला. बेटावर मायनाक भंडारी ठाण मांडून होते आणि मराठी आरमाराचे नेतृत्व दौलतखान करत होते. भंडारी, कोळी, दालदी अशा किनाऱ्यावरच्याच माणसांच्या बळावर ते आरमार चालत होते. मोठ्या जहाजांशी लहान, चपळ गलबतांनी उथळ पाण्यात कसे लढायचे, हे त्यांना ठाऊक होते, कारण ते पाणी त्यांच्या ओळखीचे होते.

पुढच्या साऱ्या कहाणीत ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. समुद्र ओळखणारा माणूस सोबत असेल तरच राखण होते.

१९९३: तस्करीची वाट, दहशतीचा माल

स्वातंत्र्यानंतर बराच काळ आपली नजर जमिनीच्या सरहद्दींवर होती. समुद्रमार्गे होणारी तस्करी हा कस्टम खात्याचा प्रश्न मानला जाई. सोने, चांदी, घड्याळे, इलेक्ट्रॉनिक वस्तू किनाऱ्यावर उतरत. या उतरवण्याला 'लँडिंग' म्हणत. ठरलेली ठिकाणे, ठरलेले मजूर आणि ठरलेली लाच असा तो धंदा होता.

१९९३ च्या सुरुवातीला याच वाटेने रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. बाबरी मशिदीचा विध्वंस आणि त्यानंतरच्या मुंबईतल्या दंगलींच्या जखमा ताज्या होत्या. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पुढे टाडा न्यायालयाने कट करणाऱ्यांबरोबर काही पोलिसांना आणि कस्टम अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले.

या घटनेचा धडा दुहेरी आहे. पहिला असा, की दहशतीने नवी वाट खणली नाही. लाचेने मोकळी ठेवलेली जुनी वाट तिने वापरली. दुसरा असा, की माल उतरवणारे, डोळे मिटून घेणारे आणि पैसे खाणारे निरनिराळ्या धर्मांचे आणि निरनिराळ्या खात्यांचे होते. तरीही स्फोटांनंतर संशयाची सावली किनाऱ्यावरच्या सगळ्या मुस्लिम वस्त्यांवर पडली. ज्या गावाने काहीच केले नव्हते, त्यालाही आपण निर्दोष असल्याचे सांगत बसावे लागले.

त्याच वर्षी महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि राज्य पोलिसांची संयुक्त गस्त सुरू झाली. तिचे नाव 'ऑपरेशन स्वान'. कारगिल युद्धानंतर २००१ मध्ये केंद्रीय मंत्रिगटाने सुरक्षेचा फेरविचार केला, त्यात किनाऱ्याच्या दुर्लक्षित स्थितीवर बोट ठेवले गेले. त्यातून २००५ मध्ये किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा आला. त्यात नऊ राज्यांसह केंद्रशासित प्रदेशांसाठी ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी मंजूर झाल्या. ठाणी मंजूर होणे आणि समुद्रावर गस्त दिसणे यांत मात्र बराच काळ गेला.

२००८: मच्छीमारांच्या वस्तीतून

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री लष्कर-ए-तैयबाचे दहा जण कराचीहून समुद्रमार्गे मुंबईत आले. वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली आणि तिच्यावरच्या खलाशांना ठार मारले. त्या हल्ल्याचे पहिले बळी आपल्यासारख्याच घरांतले, पोटासाठी समुद्रावर गेलेले मजूर होते, हे फार लोकांच्या लक्षात राहत नाही. शेवटचे अंतर हल्लेखोरांनी रबरी होडीतून पार केले आणि ते कफ परेडजवळ बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकले होते. पण ती शंका पुढे कोणाला कळवायची, कोणत्या नंबरवर, आणि कळवल्यावर कोण धावून येणार, याची घडी बसलेली नव्हती. त्या तीन दिवसांत १६६ माणसांचा जीव गेला. त्यांत सर्व धर्मांचे लोक होते.

मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन बडा कब्रस्तानात करू द्यायला नकार दिला. निरपराधांचा खून करणाऱ्यांशी आपले नाते नाही, हे या समाजाने कोणी विचारायच्या आधी सांगितले होते. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवे.

यानंतरचे बदल वेगाने झाले. डिसेंबर २००८ मध्येच राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला. दिल्लीहून कमांडो यायला रात्र गेली होती, म्हणून २००९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे तळ मुंबईसह चार महानगरांत उघडले आणि महाराष्ट्राने स्वतःचे 'फोर्स वन' उभारले. राम प्रधान समितीने राज्याच्या यंत्रणेतल्या त्रुटी दाखवल्या. समुद्रावरच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. तटरक्षक दलाला किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक समुद्राची, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्याची जबाबदारी मिळाली, आणि किनाऱ्याजवळ राज्याचे सागरी पोलीस राहिले. एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. पूर्वी या तिघांची कामे ठरलेली होती, पण एकाला कळलेले दुसऱ्याला कळत नसे. आता मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त कार्यवाही केंद्रे झाली. किनाऱ्यावर रडार आणि कॅमेऱ्यांची साखळी उभी राहिली. तिच्या पहिल्या टप्प्यात देशभर ४६ केंद्रे होती. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, बोटींची नोंदणी आणि रंग ठरले, आणि 'सागर कवच' नावाचा सराव नियमित होऊ लागला. या सरावात पोलिसच हल्लेखोर बनून किनाऱ्यावर शिरायचा प्रयत्न करतात आणि कोण पकडतो ते पाहतात.

कागद आणि पाणी

योजना चांगली असली तरी समुद्र तिची परीक्षा घेतो. ठाण्याला बोट मिळाली, पण ती चालवणारा तांडेल आणि इंजिन सांभाळणारा माणूस मिळाला नाही, अशी उदाहरणे देशभरातून पुढे आली. महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी न वापरलेल्या बोटी आणि अपुरे मनुष्यबळ यांकडे वारंवार लक्ष वेधले. जमिनीवरच्या ठाण्यातून बदली होऊन आलेल्या शिपायाला समुद्र लागतो. पहिल्याच भरतीत त्याचे पोट ढवळून निघते, मग गस्त कसली घालणार? ही उणीव ओळखून गुजरातमध्ये ओखा इथे सागरी पोलिसांसाठी २०१८ मध्ये राष्ट्रीय अकादमी सुरू करण्यात आली. आपल्या राज्याचे फौजदार नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमीत घडतात. त्यांतल्या काहींची नेमणूक पुढे किनाऱ्यावर होते. समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्राचा पहारेकरी करायचे, तर त्याला ते पाणी शिकवणारा माणूस लागतो. असे शिकवणारे किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात आहेत.

दूरच्या रेषा, जवळचे मरण

धोका कधी दूरच्या देशात जन्मतो आणि त्याची झळ आपल्या होडीला लागते. सोमालियाच्या किनाऱ्यावर चाचेगिरी वाढली तेव्हा भारतीय नौदलाने ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात गस्त सुरू केली. जहाज उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नकाशावर 'अति-जोखमीचे क्षेत्र' आखले आणि २०१० मध्ये त्याची पूर्वेकडची रेषा सरकवत थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आणली. परिणाम असा झाला, की बंदूकधारी पहारेकरी घेतलेली व्यापारी जहाजे आपल्या मासेमारीच्या पाण्यातून जाऊ लागली. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. नुकसानभरपाई होऊन तो खटला बंद व्हायला २०२१ उजाडले. भारताने ही रेषा मागे घ्यावी म्हणून पाठपुरावा केला आणि २०१५ च्या अखेरीस ती पश्चिमेकडे सरकली. पुढे २०२३ च्या सुरुवातीला ते क्षेत्रच रद्द झाले. कोणीतरी दूर बसून कागदावर ओढलेली रेषा गरीब मच्छीमाराच्या जिवावर कशी उठते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

कायद्यातही असाच बदल झाला. २०११ मध्ये नौदलाने शंभरावर सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले, पण चाचेगिरीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नव्हता. खटले अनेक वर्षे रेंगाळले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने तसा कायदा केला. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरचे ३५ चाचे पकडले आणि १७ कर्मचाऱ्यांना सुखरूप सोडवले. तेव्हा चाच्यांना मुंबईत यलो गेट पोलिसांच्या हवाली करताना हाच कायदा हाताशी होता.

मग धोक्याने पुन्हा रूप बदलले. गाझातील युद्धानंतर लाल समुद्रात हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. २३ डिसेंबर २०२३ रोजी 'केम प्लूटो' या जहाजावर अरबी समुद्रात, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळला. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. तटरक्षक दलाच्या सोबतीने ते मुंबईला पोहोचले. नौदलाने लगेच अरबी समुद्रात युद्धनौका वाढवल्या. रबरी होडी ओळखायला शिकलेल्या यंत्रणेला आता आकाशही पाहावे लागते आहे. आणि एकटा देश हे करू शकत नाही. म्हणूनच गुरुग्राममध्ये २०१८ पासून हिंदी महासागराचे माहिती केंद्र चालते, जिथे मित्रदेशांचे अधिकारीही बसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये भारत, श्रीलंका, मालदीव आणि मॉरिशस यांनी प्रादेशिक सुरक्षेच्या सनदेवर कोलंबोत सह्या केल्या, त्यामागेही हेच कारण आहे.

हरिहरेश्वरची होडी

१८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धनजवळ हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसे सापडली. शेखाडी तिथून दूर नाही, त्यामुळे १९९३ ची आठवण सगळ्यांच्या मनात आली. राज्यभर नाकाबंदी झाली. तपासात निघाले, की 'लेडी हान' नावाची ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची होती. मस्कतहून युरोपकडे जाताना तिचे इंजिन बिघडले, कर्मचाऱ्यांना दुसऱ्या जहाजाने वाचवले, आणि रिकामी नौका प्रवाहाबरोबर वाहत कोकणात आली. शस्त्रे जहाजांच्या संरक्षणासाठी ठेवलेली होती.

या प्रसंगात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. समुद्रात कुंपण नसते. ओमानजवळ सोडलेली नौका दोन महिन्यांत आपल्या दारात येते. आणि ती प्रथम दिसली ती स्थानिक माणसांना. त्यांनी पोलिसांना कळवले, लपवले नाही, लुटले नाही. १९९३ मध्ये जे घडले नव्हते, ते या वेळी घडले.

पहारेकरी की संशयित?

नौदल आणि पोलीस मच्छीमाराला 'समुद्रावरचे डोळे आणि कान' म्हणतात. ते खरे आहे. हजारो होड्या रोज पाण्यात असतात, तेवढी जहाजे कोणत्याच सरकारकडे नाहीत. पण ज्याला डोळे म्हणायचे, त्याच्याच डोळ्यांत दर फेरीला टॉर्च मारायची, हे जमत नाही. एकाच रात्री तीन खात्यांच्या बोटींनी थांबवावे, तिघांनी तेच कागद मागावेत आणि तोवर बर्फातली मासळी नरम पडावी, ही तक्रार किनाऱ्यावर सर्वत्र ऐकू येते. ओळखपत्रावरचे नाव पाहून चौकशी लांबते, अशीही तक्रार आपल्या मोहल्ल्यांतून येते. तपासणी नको असे कोणीच म्हणत नाही. ती सर्वांची सारखी व्हावी आणि अदबीने व्हावी, एवढेच मागणे आहे.

या माणसाची दुसरी बाजूही पाहावी लागेल. भारत-पाकिस्तानची सागरी सीमा सर क्रीकजवळ अजून ठरलेली नाही. पालघर जिल्ह्यातले आदिवासी आणि कोळी तरुण गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात, बोट रेषा ओलांडते आणि ते कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानकडे २१७ भारतीय मच्छीमार आणि भारताकडे ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. त्यांच्या घरच्यांसाठी सुरक्षा धोरण म्हणजे वर्षातून दोनदा येणारी एक यादी. देश सुरक्षित ठेवणारे धोरण या मजुरांनाही सुरक्षित ठेवू शकले, तरच ते पूर्ण झाले असे म्हणता येईल. नववीच्या त्याच धड्यात 'मानवी सुरक्षा' ही कल्पना आहे, तिचा अर्थ हाच.

आपण काय करावे?

किनाऱ्यावर ज्यांचे नातलग आहेत, त्यांनी बोटीची नोंदणी, खलाशांची यादी आणि बायोमेट्रिक कार्ड अद्ययावत ठेवायला सांगावे. कागद पूर्ण असले की अडवणाऱ्याचे तोंड बंद होते. संकटात किंवा संशयास्पद काही दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक घरातल्या बायका-मुलांनाही पाठ असावेत, कारण किनाऱ्यावरची पहिली नजर पुष्कळदा जाळी विणणाऱ्या आणि मासळी निवडणाऱ्या बायकांचीच असते. गावात सागर रक्षक दल असेल तर आपल्या तरुणांनी त्यात नाव द्यावे. सोन्याच्या, डिझेलच्या किंवा अमली पदार्थांच्या 'छोट्या' कामासाठी होडी मागायला कोणी आला, तर १९९३ आठवावे. त्या वाटेवर आज सोने येते, उद्या काय येईल हे होडीवाल्याला कोणी सांगत नाही.

ज्यांची मुले जहाजावर जाऊ इच्छितात, त्यांनी भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते आधी पाहावे. जहाज कोणत्या मार्गाने जाणार, युद्धजोखमीच्या भागातून जाणार असल्यास करारात काय लिहिले आहे, हे सही करण्यापूर्वी विचारावे. आंतरराष्ट्रीय कामगार करार लागू असलेल्या जहाजांवर अशा भागात जायला नकार देण्याचा हक्क खलाशाला असतो. हक्क माहीत नसेल तर तो असून नसल्यासारखाच.

आणि शिक्षक-पालकांनी एवढे करावे. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा राज्यातल्या ठिकाणांच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर होते. मुलांना त्या भोंग्याची गंमत वाटली. तो भोंगा का वाजला, ओझरच्या कारखान्यात मिगनंतर सुखोई आणि आता तेजस का बनते, धोका कसा बदलतो आणि त्याबरोबर कायदे कसे बदलतात, हे त्यांना घरात बसून समजावावे. ज्याला हे कळते, तो अफवेवर विश्वास ठेवत नाही आणि आपल्या शेजाऱ्याकडे संशयाने पाहत नाही.

देशाची सुरक्षा ही एक अमानत आहे. ती सरकारकडे आहे, तशीच ती किनाऱ्यावरच्या शेवटच्या तांडेलाकडेही आहे. सरकारने त्या तांडेलावर भरवसा ठेवावा आणि तांडेलाने तो सार्थ करावा. रडार नादुरुस्त होऊ शकते, बोटीला डिझेल नसू शकते. अशा रात्री पाण्यावर जागा असतो तो हाच माणूस.